वजन उतरवताना घरचा शेक: कॅलरी कुठून शिरतात आणि कशा काढायच्या

जेवण आवरतं घेतलं, गोड बंद केलं, चालणं सुरू केलं, तरी वजनाचा काटा महिनाभर जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण ताटातले आणखी चार घास कमी करतात. सकाळच्या शेकवर संशय जात नाही, कारण त्यात दूध, फळं, ओट्स, बदाम असं सगळं चांगलंच पडलेलं असतं. ते चांगलं आहे यात वाद नाही. प्रश्न किती पडलं याचा आहे, आणि ते सहसा कुणी मोजलेलं नसतं.

एका नेहमीच्या शेकचा हिशोब मांडू. पूर्ण फॅटचं दूध 300 मिली, साधारण 185 कॅलरी. मध्यम आकाराची दोन केळी, 210. पीनट बटरचे दोन मोठे चमचे, वर ढीग येईल असे भरलेले, म्हणजे 50 ग्रॅम: 295. कोरडे ओट्स 40 ग्रॅम: 150. मध एक मोठा चमचा: 65. दहा बदाम: 70. बेरीज 975.

दिवसाला 1,600 कॅलरींत बसवायचं ठरवलेल्या माणसाचा निम्म्याहून जास्त वाटा इथेच संपला. 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास भराभर चालला तर सुमारे 150 कॅलरी खर्च होतात. तेवढ्या तर या शेकमधल्या नुसत्या ओट्समध्येच आहेत. वजन हळूहळू उतरवायला रोज 500 कॅलरींच्या आसपास तूट ठेवा, म्हणजे खर्चापेक्षा तेवढ्या कमी खा, असं सांगितलं जातं. हाच शेक 400 कॅलरींचा असेल असं धरून बाकीचा दिवस आखला, तर 575 कॅलरींची चूक सकाळीच झाली आणि ती सगळी तूट गिळून बसली. संध्याकाळी कितीही संयम ठेवला तरी ती भरून निघत नाही.

प्यालेल्या कॅलरी पोटाला कळत नाहीत, त्या का?

1977 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. त्यात सफरचंद तीन रूपांत दिलं होतं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या 11 पट वेगाने संपला. मग तिन्हींचा वेग सारखा ठेवून पाहिलं, तरी पोट सर्वांत जास्त भरलं ते अख्ख्या सफरचंदाने, त्याखालोखाल लगद्याने आणि सर्वांत कमी रसाने. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या प्रयोगात त्याच माणसांना चार आठवडे रोज 450 कॅलरी गोळ्यांसारख्या जेली बीन्समधून आणि चार आठवडे साखरेच्या सोड्यातून दिल्या. चावून खाल्लेल्या कॅलरींच्या बदल्यात लोकांनी नकळत बाकीचं खाणं कमी केलं. प्यालेल्यांच्या बदल्यात केलं नाही, आणि त्या काळात वजन वाढलं.

शेक म्हणजे सोडा नव्हे, हेही सांगायला हवं. त्यात प्रथिनं आणि तंतू असतात, तो दाटही असतो, त्यामुळे रसापेक्षा तो नक्कीच जास्त वेळ टिकतो. पण दोन केळी, ओट्सची वाटी आणि मूठभर बदाम चावून खायचे तर पंधरा मिनिटं लागतात आणि अर्ध्यावरच पुरे वाटतं. मिक्सरमधून काढलं की तेच तीन मिनिटांत जातं.

सुकामेव्याच्या बाबतीत मिक्सर आणखी एक काम करतो. अख्खे बदाम चावून खाल्ले की त्यातली काही चरबी न फुटलेल्या पेशींत अडकून तशीच शरीराबाहेर जाते. एका मोजणीत 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून प्रत्यक्षात सुमारे 129 कॅलरीच मिळाल्या, नेहमीच्या गणिताने त्या 170 च्या घरात भरतात. बदामाचं बटर केल्यावर मात्र ही सूट जवळजवळ नाहीशी होते. म्हणून बदाम शेकमध्ये वाटण्यापेक्षा बाजूला वाटीत ठेवून चावून खाणं केव्हाही बरं.

(मिक्सरमुळे फळातले तंतू नष्ट होतात, असं सरसकट सांगतात, ते बरोबर नाही. ते बारीक होतात, पण शेकमध्येच राहतात. गाळून घेतलं की जातात. म्हणून शेक गाळू नका.)

आधी मोजा, मग बदला

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागेल. पहिल्या दिवशी शेकमध्ये काहीही बदल करू नका. रोज जसा करता तसाच करा, फक्त प्रत्येक वस्तू तोलून लिहून ठेवा. मिक्सरचं रिकामं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, दूध घाला, लिहा, परत शून्य करा, पुढची वस्तू घाला. दुधाच्या मिली आणि ग्रॅममध्ये तीनच टक्क्यांचा फरक असतो, तो सोडून दिला तरी चालेल. केळं सोलून तोला, ओट्स कोरडे तोला.

पीनट बटर आणि मध चमच्याला चिकटतात, त्यामुळे भांड्यात नीट तोलता येत नाहीत. त्यांची बरणीच काट्यावर ठेवा, शून्य करा आणि हवं तेवढं काढून घ्या. काट्यावर उणे जो आकडा येईल, तेवढं तुम्ही घेतलं. चमचा चाटला तर तेही त्यात धरलं जातं, आणि ते धरायलाच हवं.

चमच्याच्या मापावर विसंबू नका. सपाट भरलेल्या मोठ्या चमच्यात पीनट बटर 16 ग्रॅम बसतं, म्हणजे सुमारे 95 कॅलरी. ढीग भरलेल्या चमच्यात ते सहज 25 ते 30 ग्रॅम जातं. बघायला चमचा एकच, फरक 50 ते 80 कॅलरींचा. प्रोटीन पावडरच्या डब्यातल्या स्कूपचंही तेच. वेष्टनावर 30 ग्रॅम लिहिलं असलं तरी दाबून भरला की जास्त येतं.

लेबल वाचताना आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, हे आधी बघा. आणि डब्यावर मास गेनर असं लिहिलं असेल तर तो डबा वजन उतरवणाऱ्याच्या कामाचा नाही. ती पावडर वजन वाढवण्यासाठीच बनवलेली असते, तिच्यात बहुतेक भाग कर्बोदकांचा असतो आणि काहींच्या एकाच सर्व्हिंगमध्ये हजारावर कॅलरी असतात. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर; तिच्या 30 ग्रॅममध्ये साधारण 120 कॅलरी आणि 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन्ही डबे दिसायला सारखे, म्हणून ही चूक फार होते.

कात्री कुठे लावायची

बहुतेक जण सुरुवात दुधापासून करतात. पूर्ण फॅटचं सोडून स्किम्ड दूध घेतलं की 250 मिलीमागे 65 कॅलरी वाचतात. चांगलंच आहे, पण पीनट बटर 50 ग्रॅमच राहिलं तर मोठी गळती तशीच चालू आहे. चरबीच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये 4. त्यामुळे पहिली कात्री पीनट बटर, सुकामेवा, बिया आणि नारळाचं दूध यांना लावा. पीनट बटर 8 ग्रॅमवर आणा. दुधात मिसळल्यावर चव तेवढ्यातही जाणवते. पीनट बटर प्रथिनांसाठी घालतो असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं: 16 ग्रॅममध्ये जेमतेम 4 ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि कॅलरी 95.

दुसरी कात्री गोडाला. मध आणि सरबतं यांना जागतिक आरोग्य संघटना साखरेच्याच रांगेत, मुक्त शर्करांमध्ये मोजते. खजूर फळ असला तरी 100 ग्रॅमला 280 कॅलरी होतात. मोठे, मांसल खजूर घातले तर एकेकात 65. केळं आहे तिथे यांची गरज पडत नाही.

ओट्स काढून टाकायची गरज नाही, 15 ग्रॅम दाटपणाला पुरतात.

आता तोच शेक नव्याने:

- स्किम्ड दूध 250 मिली: 90 कॅलरी
- व्हे प्रोटीन 25 ग्रॅम: 100
- केळ्याचे गोठवलेले तुकडे 50 ग्रॅम: 45
- स्ट्रॉबेरी, गोठवलेल्या असल्या तर उत्तम, 100 ग्रॅम: 32
- ओट्स 15 ग्रॅम: 57
- पीनट बटर 8 ग्रॅम: 47
- दालचिनीची चिमूट, बर्फाचे चार-पाच खडे

बेरीज 370 च्या आसपास, प्रथिनं 30 ग्रॅमच्या वर. पावडर नको असेल तर तिच्याऐवजी फॅट काढलेल्या दुधाचं, पाणी निथळलेलं घट्ट दही 150 ग्रॅम घ्या: 90 कॅलरी, प्रथिनं 15 ग्रॅम. तेव्हा दूध 150 मिलीवर आणा, नाहीतर शेक आंबट आणि पातळ लागतो.

भांड्यात आधी दूध, मग पावडर आणि ओट्स, वर गोठवलेली फळं. उलट घातलं की पात्याखाली फळ अडकतं, पातं नुसतं फिरत राहतं आणि मोटर तापते. मग लोक आणखी दूध ओततात, शेक पातळ होतो आणि कॅलरी वाढतात. अडकलंच तर मिक्सर बंद करून चमच्याने हलवा, किंवा दोन चमचे पाणी घाला. साधारण मिनिटभर फिरवा. फेस आला तर येऊ द्या. 2000 साली झालेल्या एका प्रयोगात दह्याचा एकच शेक कमी-जास्त हवा भरून 300, 450 आणि 600 मिलीचा केला होता. 600 मिली प्यायलेले पुरुष पुढच्या जेवणात कमी जेवले. घटक आणि कॅलरी तिन्हींत सारख्याच होत्या.

बिघडतं ते इथे

गोड लागत नाही, ही पहिली तक्रार. थंडपणामुळे गोडवा कमी जाणवतो, म्हणून थंड शेकमध्ये हात सैल सुटतो. केळी पूर्ण पिकल्यावर, सालीवर ठिपके आले की सोलून 50-50 ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. व्हॅनिलाचे दोन-तीन थेंब आणि मिठाची अगदी लहान चिमूटही उपयोगी पडते. मध एकदम सोडवत नसेल तर दर तीन-चार दिवसांनी 5 ग्रॅमने कमी करत जा.

पातळ झाला तर इसबगोल 3 ग्रॅम घाला आणि लगेच प्या, कारण थोड्या वेळात तो खळीसारखा घट्ट होतो. इसबगोल घेतल्यावर वरून पेलाभर पाणी प्यायलाच हवं.

दोन तासांत भूक लागते, ही तक्रार खरी असते. आधी प्रथिनं 25 ग्रॅमच्या खाली गेली नाहीत ना, ते बघा. ती पुरेशी असतील तर शेक वाडग्यात ओतून चमच्याने खा, आणि स्ट्रॉबेरी मिक्सरमध्ये न घालता वर चिरून घाला. चावायला काहीतरी असू द्या. तरीही भूक लागत असेल तर तुमच्यासाठी शेक हे न्याहारीचं योग्य रूप नाही. हेच घटक तसेच खा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र घटकांची नसते. शेक न्याहारीऐवजी आहे की न्याहारीसोबत, हे ठरलेलंच नसतं. 370 कॅलरींचा शेक जेवणाची जागा घेऊ शकतो. न्याहारी करून वर तो घेतला तर ते चौथं जेवण झालं. व्यायामानंतर प्यायचा असेल तरी तो दिवसाच्या हिशोबात धरा. तासाभरात जेवणार असाल तर वेगळा शेक लागत नाही.

आजारातून उठलेल्यांना, भूक मेलेल्या वृद्धांना किंवा नको असताना वजन उतरत असलेल्यांना जास्त कॅलरींचा शेकच हवा असतो; त्यांच्यासाठी ही कात्री नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारीतली कर्बोदकं एकाएकी कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच बदल करा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रोटीन पावडर आपल्या मनाने सुरू करू नये. गरोदरपणात वजन उतरवण्याचा विचार नको.

महिन्यातून एकदा सगळं परत तोला. हात हळूहळू सैल होतो आणि 8 ग्रॅमचे 20 कधी झाले ते कळत नाही. शरीराचं वजन पाण्यामुळे एका दिवसात किलोभर वरखाली होतं, तेव्हा रोजच्या आकड्यावरून शेकचा निकाल लावू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि सलग दोन आठवड्यांच्या सरासरी ताडून बघा. तीन-चार आठवड्यांनीही सरासरी हलली नाही, तर पुढची तपासणी बाकीच्या पेयांची: दिवसभरातला दूध-साखरेचा चहा, कॉफी आणि फळांचे रस, त्याच काट्यावर.