वाइनच्या लेबलवर डायोनिसस रेखाटताना

ग्रीक पुराणकथेवरून वाइनचं लेबल करायचं असेल, तर डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घातलेला देव नुसता मधोमध उभा करू नका. कथेतला एकच क्षण निवडा. म्युनिकच्या संग्रहालयात प्राचीन ग्रीक चित्रकार एक्सेकियासने इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास रंगवलेला मद्याचा प्याला आहे, त्याचे फोटो बारकाईने बघा. चाच्यांनी मद्याचा देव डायोनिसस याला पळवलं, मग घाबरून समुद्रात उड्या टाकल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले, अशी ती गोष्ट. चित्रात मात्र होडीत रेललेला देव, डोलकाठीवर चढलेली द्राक्षाची वेल आणि भोवती सात डॉल्फिन, बस्स. चाचे माणूस म्हणून कुठे दिसतच नाहीत. काय सुंदर संयम आहे हा!

बाटली गोल, त्यामुळे समोरून तिचा जेमतेम एक तृतीयांश घेर नीट दिसतो. देव आणि होडी तेवढ्या पट्ट्यात बसवा. डॉल्फिन कडेला वळवा, म्हणजे बाटली हातात फिरवली की उरलेली गोष्ट सापडते.

या प्याल्याच्या शैलीतल्या काळ्या आकृत्यांमधले तपशील टोकदार हत्याराने कोरलेले असतात. छपाईत त्या रेषा काळ्या रंगात कोऱ्या सोडाव्या लागतात आणि खरखरीत कागदावर शाई पसरून सहज बुजतात. म्हणून त्या ०.३ मिमीपेक्षा बारीक नकोत, आणि प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच काढून घ्या. व्हाइट वाइन बर्फात ठेवली जाते, तेव्हा ओल सोसणारा कागद प्रेसवाल्याकडे आधीच मागून ठेवा.