दाढ काढल्यावर तिसऱ्या रात्री ठणका लागला तर

१४ वर्षं मी घाटकोपरला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. "बोळा अर्धा तास दाबून धरा, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका" हे मी झोपेतही म्हणेन. आणि गेल्या मार्चमध्ये माझीच खालची अक्कलदाढ काढली, तर दुसऱ्या दिवशी उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून स्टेशनबाहेर शहाळं घेतलं आणि सरळ स्ट्रॉ तोंडाला लावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इथे तर खरोखरच कोरडं: तिसऱ्या रात्री ड्राय सॉकेट, म्हणजे खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघून खालचं हाड उघडं पडणं. सगळा दोष शहाळ्याचा नसेलही. दाढ आडवी होती, काढायला पाऊण तास गेला होता, आणि खालची अवघड दाढ म्हटली की हा धोका असतोच.

आधी ओळखायचं कसं ते सांगते. साधं दुखणं दिवसागणिक उतरत जातं. हे मात्र उतरता उतरता तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळतं, कानापर्यंत चढतं, तोंडाला घाण वास येतो. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघा. जिथे काळपट लाल गुठळी हवी तिथे रिकामा खड्डा आणि तळाशी उघडं हाड दिसलं, तर समजा तेच. मऊ, पिवळट थर दिसतोय आणि दुखणं कमी होतंय, तर ती भरत आलेली जखम आहे. काडीने खरवडू नका. ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, जबड्याखाली वाढती सूज, हे प्रकरण वेगळं. मग रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.

ती रात्र काढायची कशी? कोमट मीठपाणी तोंडात घ्या, मान कलती करा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्या. खुळखुळायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्या. माझ्या सासूबाईंनी लवंगेच्या तेलाची बाटली काढलीच होती. दवाखान्यात खड्ड्यात भरतात त्या औषधाच्या पट्टीत लवंगेतलंच युजेनॉल हे द्रव्य असतं, पण मोजून. उघड्या जखमेत तेल ओतलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी गालात धरणारेही भेटतात. त्यांची हिरडी पांढरी पडलेली मी पाहिली आहे. घरात उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका. दुखणं आहे ते उघड्या हाडाचं, पू झालेला नसतो.

सकाळी दवाखान्यात खड्डा सलाईनने धुतात, औषधाची पट्टी भरतात, एक-दोन दिवसांनी बदलतात. पुष्कळांचं एवढ्यानेच भागतं.

माझं भागलं नाही, म्हणून डॉक्टरांनी पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे आपल्याच रक्तापासून केलेली गुठळी) करूया म्हटलं. फ्रान्समध्ये शुक्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत. हातातून सुमारे १० मिलीच्या नळ्यांमध्ये तुमचंच रक्त घेतात. त्यात गोठू न देणारं औषध घातलेलं नसतं, म्हणून रक्त घेतल्याबरोबर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, गेली पाहिजे. रेंगाळलं की नळीतच गोठून सगळं वाया. रूढ कृतीत मिनिटाला २७०० फेरे, १२ मिनिटं. एकच नळी असेल तर समोरच्या खाचेत तेवढ्याच पाण्याची नळी ठेवायची, नाहीतर मशीन टेबलभर नाचतं. हे माझं काम, पण त्या दिवशी मी खुर्चीत आणि माझी मदतनीस मशीनपाशी! नळी बाहेर आली की तळाला लाल पेशी, वर पिवळं पाणी आणि मधोमध जेलीसारखी फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची गुठळी. त्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात, आणि जखम भरायला लावणारे घटक त्यातून कित्येक दिवस झिरपत राहतात. खड्डा साफ करून ती गुठळी आत बसवतात, वरून टाका. म्हणजे गेलेल्या गुठळीच्या जागी आपलीच दुसरी, जरा भक्कम.

हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: "हे कशासाठी करताय?" दुखणं कमी व्हावं, हिरडी लवकर मिटावी, खालच्या अक्कलदाढेनंतर ड्राय सॉकेट टळावं, यासाठी पीआरएफचा उपयोग दिसून आला आहे. हाड भरभर वाढेल असं कुणी सांगितलं तर तिथे जरा थांबा, त्याचा पुरावा तितका पक्का नाही. वरचा हलणारा दात सहज निघाला असेल तर या खर्चाची गरजच नाही.

पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा असेल तर हिशोब वेगळा. दात गेला की वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून खड्ड्यात हाडाची पावडर भरतात. ती कशाची, हे विचारायला लाजू नका. गाईच्या हाडाची असते, माणसाच्या दान केलेल्या हाडाची असते, कारखान्यात बनवलेलीही असते. पावडरीवर झाकतात तो कोलॅजनचा पडदा डुकराचा असू शकतो. घरी गेल्यावर कळून मन खट्टू झालेले पेशंट मी पाहिले आहेत. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथे दान केलेल्या हाडासारख्या ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे दाढ काढायच्या आधी सांगायचं. आईला हाडं ठिसूळ झाल्याचं वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू आहे का? कधी जबड्याला रेडिएशन दिलं होतं का? रक्त पातळ करायची गोळी, साखर? हाडांचं इंजेक्शन, गोळी किंवा रेडिएशन झालेल्यांचं हाड महिनोन्महिने उघडं राहू शकतं. ते ड्राय सॉकेट नाही, आणि पीआरएफची एक गुठळी बसवून भागत नाही. अशांनी सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय गाठावं. सकाळी लवकर जा, जुने कागद बरोबर ठेवा.

आणि तंबाखू. "आम्ही तंबाखू खात नाही" म्हणणाऱ्या बायकांना मी मुद्दाम विचारते, "मिश्री?" मग मान खाली जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती जखमेच्या शेजारच्या हिरडीवर चोळायची! विक्रोळीच्या एक मावशी आठव्या दिवशी टाका काढायला आल्या, तेव्हा डबी त्यांनी आपणहून माझ्या टेबलावर ठेवली. जाताना मात्र आठवणीने परत घेऊन गेल्या.