जर्मनीत नवीन आलात? वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसू नका

मला म्युनिकमध्ये येऊन 11 वर्षं झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण मोठे झालेलो असतो, पण इथे ते डोक्यातून काढून टाका, मी नाही काढलं आणि मला ते महागात पडलं. नोकरीवरून काढल्याचं पत्र, म्हणजे क्युंडिगुंग, हातात आलं तेव्हा मी एचआरशी गोडीत बोलत बसले, आणि कोर्टात दाद मागायला पत्र मिळाल्यापासून फक्त 3 आठवडे असतात हे मला कळलं चौथ्या आठवड्यात.

म्हणून पत्र आलं की आधी पाकिटावर तारीख लिहा. लेटरबॉक्समध्ये टाकलं तरी ते तुम्हाला मिळालं असंच धरतात. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेली क्युंडिगुंग मात्र चालत नाही, कागदावर सहीच लागते. आणि कंपनीने 'आपण आपसात मिटवू' म्हणून नोकरी सोडण्याचा करार पुढे केला तर त्याच दिवशी अजिबात सही करू नका, घरी घेऊन या, कारण त्या सहीने बेकारी भत्ता 12 आठवड्यांपर्यंत अडकू शकतो.

आता जायचं कुठे? नोकरीच्या भांडणासाठी आर्बाइट्सगेरिश्ट, म्हणजे कामगार कोर्ट, तिथे एक खिडकी असते, रेश्ट्सआंट्रागश्टेले, तिथला माणूस तुमचा दावा लिहून घेतो, वकील लागत नाही. तो सल्ला देत नाही हं, फक्त लिहून घेतो. पहिल्या कोर्टात हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी तुमच्यावर येत नाही (जिंकलात तरी स्वतःच्या वकिलाची तुम्हीच भरायची). सल्ला हवा असेल तर बाहेरून आलेल्यांसाठी 'फेअर इंटिग्रेशन'ची केंद्रं आहेत, नोकरीच्या प्रश्नांवर फुकट बोलतात. व्हिसा, कागदपत्रं, सरकारी ऑफिसांची पत्रं यासाठी कारितास, डियाकोनी, आवो या सेवाभावी संस्थांकडची मिग्रात्सिओन्सबेराटुंग, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचा सल्ला, तीही फुकट.

घरमालकाने डिपॉझिट अडकवलं किंवा नेबेनकोस्टेनचं (भाड्यावरच्या इतर खर्चाचं) बिल भलतंच आलं तर मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरूंची संघटना, वर्षाची वर्गणी भरून मेंबर व्हायचं की त्यांचे वकील कागद बघतात.

स्टुडंट असाल, पैसे खरंच कमी असतील, तर आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या स्थानिक कोर्टात, बँक स्टेटमेंट आणि भाड्याचा करार घेऊन जा आणि बेराटुंग्सहिल्फेचा, म्हणजे वकिलाच्या सल्ल्यासाठीच्या सरकारी मदतीचा, कागद मागा, तो मिळाला की वकील तुमच्याकडून जास्तीत जास्त 15 युरो घेऊ शकतो. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये पद्धत वेगळी आहे, तिथे सरकारी सल्ला केंद्रं आहेत.

जर्मन कच्चं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाष्याचं विचारा, आणि तारीख लिहिलेलं ते पाकीट टाकून देऊ नका, सोबत न्या.