छोट्या टेबलासाठी टकटक वाजणारा कीबोर्ड कसा शोधायचा

मी दारव्ह्याला तहसील कचेरीसमोर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. रोजचे पंचवीस-तीस कागद, पीकविम्याच्या दिवसांत त्याहून जास्त. टायपिंग शिकले यवतमाळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये, गोदरेजच्या मशीनवर. अक्षर कागदावर आपटलं की बोटाला आणि कानाला एकाच वेळी कळायचं. पुढं रबराचे कीबोर्ड आले आणि ते कळणं गेलं. अक्षर उमटलं की नाही हे बघायला दर वेळी मान वर करावी लागते. समोर हातानं लिहिलेला जुना फेरफार ठेवून टाइप करणाऱ्याला ते परवडत नाही, ओळ चुकते.

त्यात माझं टेबल अडीच फुटांचं. प्रिंटर, स्टॅम्पपॅड, कागदांचा गठ्ठा आणि पक्षकाराची कोपरं, सगळं त्यावरच. म्हणून मला कीबोर्ड हवा होता छोटा, पण आवाज जुन्या मशीनसारखा. शोधायला दीड वर्ष गेलं. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते.

आधी स्विच ठरवा, कीबोर्ड नंतर. स्विच म्हणजे प्रत्येक बटणाखालचा वेगळा खटका. मी उलटं केलं. ऑनलाइन फोटो पाहून 'मेकॅनिकल फील' लिहिलेला, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड मागवला. बटण उपसून बघितलं तर खाली रबरच. 'मेकॅनिकल फील' किंवा 'सेमी मेकॅनिकल' असं लिहिलेलं दिसलं की पुढं जा. खऱ्या मालावर स्विचचं नाव लिहिलेलं असतं.

जुन्या आवाजाचा मूळपुरुष म्हणजे आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम हा कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबता दाबता ती एका क्षणी बाजूला वाकते, नळीच्या भिंतीवर आपटते, आणि त्याच झटक्यात खालची छोटी हातोडी संपर्क जोडते. म्हणजे आवाज झाला तेव्हाच अक्षर गेलं. टाइपरायटरशी याचं नातं इथं आहे. नंबरपॅड नसलेला, ८४ बटणांचा छोटा मॉडेल एमही आयबीएमनं काढला होता, पण तो आता संग्राहक मंडळी शोधत फिरतात. अमेरिकेत केंटकीमध्ये युनिकॉम्प ही कंपनी त्याच पद्धतीचे कीबोर्ड अजून बनवते. त्यांचा छोटा म्हणजे 'मिनी एम'. वजनदार माल, टपालखर्च आणि वर कस्टम ड्युटी, त्यामुळं मी तो नाद सोडला. कुणाला जुना आयबीएम मिळालाच तर एवढं ध्यानात ठेवा की त्याची गोल पीएस-टू पिन यूएसबीला जोडायला साधा अडॅप्टर पुरत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

आपल्या आवाक्यातले खटके तीन-चारच. चेरी कंपनीचा निळा, म्हणजे एमएक्स ब्लू, बारीक 'चिक' वाजतो. एकूण चार मिलिमीटरच्या दाबात साधारण २.२ वर अक्षर जातं. आवाज फक्त खाली जाताना येतो, आणि तेच बटण पुन्हा दाबायचं तर बोट बरंच वर न्यावं लागतं. कैल्ह कंपनीच्या 'बॉक्स' जातीत आवाजासाठी एक वेगळी तार बसवलेली असते. बॉक्स व्हाइटमध्ये ती पातळ, बॉक्स जेड आणि नेव्हीमध्ये जाड. व्हाइट हलका वाजतो. जेड मात्र 'टक्क' करतो, दाबतानाही आणि सोडतानाही. नेव्हीचा आवाज तसाच, पण स्प्रिंग जास्त कडक. माझ्या कानाला गोदरेजच्या सगळ्यात जवळचा जेड वाटला.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, सुटे स्विच मागवा. मेककीज, स्टॅक्सकेबी अशी भारतातलीच ऑनलाइन दुकानं आहेत. मी तीन प्रकारचे सुटे मागवले आणि चार दिवस टेबलावर ठेवले. गिऱ्हाईक नसलं की दाबून बघायचे, तेही उजव्या करंगळीनं. मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ज, च, ट, ड, य, ृ, ॉ हे सगळं त्या एकट्या करंगळीच्या वाट्याला येतं. 'ज्येष्ठ' टाइप करून बघा. ज, य आणि ठ, तीन वेळा तीच. तर्जनीला जो खटका मस्त वाटतो तो करंगळीला संध्याकाळपर्यंत दुखवतो. नेव्ही मी याच कारणानं सोडला.

आता आकार. सहसा एका बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर असते, म्हणून मोजमाप सोपं आहे. छोट्या कीबोर्डांचा आकार पूर्ण कीबोर्डाच्या टक्क्यांत सांगतात. साठ टक्केवाला १५ बटणांएवढा रुंद, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. पंचाहत्तर टक्केवाला १६ बटणांएवढा, साडेतीस. वर चौकटीचं थोडं धरा. पूर्ण कीबोर्ड ४३ च्या वर जातो. साठमध्ये बाणांची बटणं नसतात, ती एफएन (Fn) हे बटण धरून आणावी लागतात. मसुद्यात खाली-वर करत नाव-गाव बदलणाऱ्याला ते कंटाळवाणं होतं. त्याहून लहान चाळीस टक्केवाल्याला तर आकड्यांची ओळच नसते. तिथंच शिफ्ट धरून ्र, र्, ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात. मराठीसाठी तो घेऊच नका.

उजवी शिफ्ट नीट बघा, कारण हे कुणी सांगत नाही. आ, ई, ए, अ, इ, उ ही सगळी अक्षरं डाव्या हाताची, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीनं. 'अर्ज' हा शब्दच उजव्या शिफ्टनं सुरू होतो. छोट्या कीबोर्डांत वरचा बाण बसवायला ही शिफ्ट कापतात. करंगळी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत उडतो आणि अक्षर भलत्याच जागी. फोटो मोठा करून शिफ्ट निदान पावणेदोन बटणांएवढी आहे ना बघा. तरी आठवडाभर हात बसवावा लागेल. बॅकस्लॅशचं बटणही जागेवर हवं, त्याशिवाय 'डॉक्टर' लिहिता येत नाही.

पैसे कमी असतील तर माझा पहिला उपाय सांगते. टीव्हीएसचा गोल्ड कीबोर्ड बँकेत, तिकीट खिडकीवर तुम्ही ऐकलेला असेल. त्याच्या जुन्या मालात चेरीचे निळे स्विच असत. भंगारात असा एक मिळाला. बटण उपसून बघायचं. खाली निळा, अधिकच्या चिन्हाचा दांडा आणि कवचावर चेरीचं नाव दिसलं तर घ्या. त्याच्या १०४ खटक्यांतून पंचाहत्तर टक्केवाल्याला लागणारे ८४ निघतात, वर वीस शिल्लक. इथल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांनी दोन दुपारी बसून सोल्डर ओढून ते काढून दिले. ते हॉट-स्वॅप बोर्डात बसवले. हॉट-स्वॅप म्हणजे खटका नुसता दाबून बसतो, चिमट्यानं निघतो, डाग लावावा लागत नाही. पायांवर सोल्डरचा कण राहू देऊ नका, सॉकेट सैल होतं. वाकडा पाय चिमट्यानं सरळ करून मगच दाबा. खटक्याला प्लॅस्टिकचे दोन जादा पाय असतील आणि बोर्डात भोकं नसतील, तर ते नेलकटरनं कापता येतात.

हॉट-स्वॅपच घ्या असं मी जोर देऊन सांगते. दिवाळीनंतर जिनिंगमधल्या कापसाचा रुवा आमच्या टेबलापर्यंत उडत येतो, एप्रिल-मेमध्ये धूळ. हॉट-स्वॅपच्या आधीच्या माझ्या स्वस्त निळ्या कीबोर्डात सहा महिन्यांत र दोनदा उमटायला लागला आणि 'अर्ज'चा 'अरर्ज' व्हायचा. एका प्रतिज्ञापत्रात तसाच गेला आणि त्या माणसाला चाळीस किलोमीटरवरून परत यावं लागलं. मला फार लागलं ते. सोल्डर केलेल्या बोर्डात एक खटका बदलायला सगळं उघडावं लागतं, हॉट-स्वॅपमध्ये मिनिटभराचं काम. बॉक्स जातीत संपर्क बंद डबीत असतो, त्यामुळं रुव्याचा त्रास कमी. आता मी जेडवरच आहे. रात्री जुनं सुती फडकं टाकून झाकते.

बाकी थोडक्यात. वायरवाला घ्या, वायर निघणारी असली तर उत्तम. बटणं पीबीटी प्लॅस्टिकची असू द्या, एबीएस प्लॅस्टिकची वर्षभरात तेलकट चकाकतात. मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नका, उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि बोटांना तो लागतो. नागपूरला सीताबर्डीवर जाणं झालं तर दुकानात दाबून बघायला मागा, फक्त तिथं बहुतेक गेमिंगवाले निळेच भेटतात. पार्सल आलं की परत करायची मुदत संपण्याआधी एकेक बटण वीस वेळा दाबून कागद भरा. दोनदा उमटणारं किंवा न उमटणारं बटण तेव्हाच सापडतं.

आवाजाची तक्रार होईल का, हे बरेच जण विचारतात. माझ्या शेजारी स्टॅम्पवाले काका बसतात, त्यांना सवय झाली. एक शेतकरी बाबा तर मागच्या महिन्यात म्हणाले, "ताई, तुयी मशीन वाजली का मले वाटते, माया अर्ज पुढं सरकून राह्यला."

दारव्ह्याकडं येणं झालं तर माझ्या टेबलावर दाबून बघा. सोमवार सोडून या, दुपारी दोननंतर. जेड बोर्डात बसवलेला आहे, व्हाइट आणि नेव्ही खणात सुटे ठेवलेत.