फोर्कलिफ्ट ‘तीन टन’ उचलते म्हणजे नेमकं किती?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या गोदामात विचारा, "ही फोर्कलिफ्ट किती उचलते?" उत्तर येतं, "तीन टन." हे उत्तर अर्धंच आहे. ऑपरेटरच्या समोर धातूची एक छोटी पाटी असते, बहुतेकदा ग्रीस आणि धुळीने माखलेली. फडक्याने पुसून ती वाचा. वजनाशेजारी एक अंतरही दिलेलं असतं, बहुधा 500 मिमी. मालाचा मध्य काट्यांच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या) उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच तीन टन, तेही पाटीवरच्या उंचीपर्यंतच.

दोन मीटर लांबीची पेटी, लांबी काट्यांच्या दिशेने ठेवून धरली, की तिचा मध्य 1000 मिमीवर जातो आणि तेच मशीन साधारण दोन टनच पेलतं. त्याहून जास्त झालं की मागची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग मागच्याच चाकांना असल्यामुळे मग मशीन वळत नाही. अशा वेळी मागे वजन म्हणून माणसं उभी केलेली मी पाहिली आहेत. कृपा करून हे कधीच करू नका.

पेटीची लांबी आडवी राहील अशी उचला, काटे पूर्ण आत घाला, मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकवा. चालताना काटे जमिनीपासून 15-20 सेंमी. रॅम्पवर माल नेहमी चढाकडे, म्हणजे उतरताना रिव्हर्स.

आणि नागपूरच्या मे महिन्यात, रखरखीत उन्हातून गोदामात शिरताना क्षणभर काहीच दिसत नाही. शटरपाशी थांबा, हॉर्न द्या, डोळे सरावले की मगच आत घ्या.