मराठवाड्यातून परदेशी विद्यापीठात कला-इतिहास शिकायला जाताना

कला-इतिहास हा स्वतंत्र विषय म्हणून पदवीला शिकवणारी महाविद्यालये मराठवाड्यात फारशी नाहीत. त्यामुळे या विषयाकडे वळणारा आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा इतिहास, पुरातत्त्व, चित्रकला, वास्तुशास्त्र किंवा भाषा अशा एखाद्या शाखेतून आलेला असतो आणि आपली पदवी परदेशात चालेल की नाही, ही त्याची पहिली शंका असते. ब्रिटनमधील बहुतेक एम.ए. अभ्यासक्रम आणि अमेरिकेतील बहुतेक पीएच.डी. विभाग मानव्यशाखेतील जवळच्या विषयाची पदवी मान्य करतात. पदवीच्या नावापेक्षा त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे असते: अर्जदार एखादी कलावस्तू नीट पाहू शकतो का, पाहिलेले शब्दांत मांडू शकतो का आणि त्यातून एखादा प्रश्न उभा करू शकतो का. म्हणून तयारीची सुरुवात विद्यापीठांच्या यादीपासून न करता प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. तो प्रश्न शोधण्यासाठी मराठवाड्याइतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल.

हे पाहणे कसे असते, ते एका उदाहरणावरून सांगतो. वेरूळचे १० क्रमांकाचे लेणे, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणून ओळखतात, ते साधारण सातव्या शतकातले चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह आहे. आत उभे राहून वर पाहिले, की छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दिसतात, पण त्या लाकडाच्या नाहीत. डोंगराच्या त्याच दगडातून कोरून काढलेल्या आहेत. भाजे आणि कार्ले येथे याच जागी खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. समोर स्तूप आहे, पण आपली नजर स्तूपाकडे जातच नाही, कारण त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती इतकी मोठी आहे, की तिने स्तूप जवळजवळ झाकून टाकला आहे. आता हेच घेऊन अजिंठ्याला जावे. तेथील ९ आणि १० या इसवीसनापूर्वीच्या लेण्यांत स्तूपावर मूर्ती नाही. पाचव्या शतकातील १९ व्या लेण्यात स्तूपावर उभा बुद्ध येतो आणि २६ व्या लेण्यात पाय सोडून बसलेला. चार-पाच ठिकाणांचे हे निरीक्षण एकापुढे एक ठेवले, की प्रश्न आपोआप उभे राहतात. मूर्ती पुढे येत गेली तशी प्रदक्षिणा घालणाऱ्याची नजर आणि वाट बदलली का? लाकडाची गरज संपल्यावरही लाकडाचा आकार दगडात का जपला गेला? दर्शनी भागावरची घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान वेरूळला एवढी लहान का झाली? यांतला कोणताही एक प्रश्न धरून सविस्तर लेख लिहिता येतो आणि प्रवेशासाठी लागणारा लेखन-नमुना नेमका असाच असावा लागतो.

तरीही केवळ अजिंठा-वेरूळवर थांबू नये. या दोन स्थळांवर जगभर इतके लिहिले गेले आहे, की नवख्या अर्जदाराला नवे बोलणे अवघड जाते. त्या मानाने होट्टल, निलंगा, औंढा नागनाथ, धर्मापुरी, अन्वा आणि चारठाणा येथील मंदिरे, पितळखोरा, खरोसा व धाराशिवची लेणी, किंवा पैठणची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची परंपरा यांवर कितीतरी काम व्हायचे आहे. तेर हे तर एकट्यानेच पुरेसे आहे. तेथील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे, मागे गोलाकार असलेले प्राचीन बांधकाम आहे आणि लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयात असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगते. रोमशी व्यापार, हस्तिदंताचे कारागीर, मातीच्या मूर्ती असा कोणताही धागा धरला, तरी युरोपातल्या प्राध्यापकाला त्यात रस वाटेल, कारण त्या धाग्याचे दुसरे टोक त्याच्या दाराशी आहे.

प्रश्न ठरला, की त्याला कोणत्या भाषा लागतील ते लगेच पाहावे, कारण ऐनवेळी भाषा येत नाही. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे येथील स्मारकांची विसाव्या शतकातील पाहणी, दुरुस्ती आणि छायाचित्रे यांचे कागद मोठ्या प्रमाणात हैदराबादकडे वळतात. अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे प्रकाशनही निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी केले. दौलताबाद, खुलताबाद किंवा बीबी का मकबरा यांवर काम करायचे तर फारसी आणि उर्दू टाळता येत नाही. नांदेड, लातूर, धाराशिवकडील चालुक्यकालीन मंदिरांसाठी हळेकन्नड म्हणजे जुन्या कन्नडमधील शिलालेख वाचता येणे फार उपयोगी पडते. लेण्यांसाठी प्राकृत, संस्कृत आणि ब्राह्मी लिपी, तर मठ-देवस्थानांच्या कागदांसाठी मोडी हवी. मोडी आणि ब्राह्मीचे वर्ग आपल्याकडे अधूनमधून भरतात. ते सोडू नयेत. अमेरिकेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा आणखी दोन भाषा वाचता येण्याची परीक्षा द्यावी लागते, त्यांत जर्मन किंवा फ्रेंच असते. अजिंठ्याच्या चित्रांतील कथा ओळखण्याचे फार महत्त्वाचे काम म्युनिकच्या डीटर श्लिंगलोफ यांनी केले आणि त्यातले बरेचसे जर्मनमध्ये आहे. त्यामुळे लेण्यांच्या अभ्यासकाला जर्मनचे प्राथमिक वर्ग पैसे वसूल करून देतात.

आता विद्यापीठांविषयी. शहराचे नाव पाहून विद्यापीठ निवडू नये; आपल्या प्रश्नावर काम करणारी व्यक्ती आज तेथे शिकवत आहे का, हे पाहून निवडावे. अजिंठ्याच्या कालनिश्चितीवर आयुष्य वेचणारे वॉल्टर स्पिंक मिशिगन विद्यापीठात होते, पण ते २०१९ साली वारले. नावाजलेला प्राध्यापक निवृत्त झाला असेल, तर त्या विभागात आपला मार्गदर्शक कोण, हा प्रश्न उरतोच. लंडनमध्ये आशियाई कलेसाठी सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाला वाहिलेली लंडन विद्यापीठातील संस्था), युरोपीय कला आणि एकूण कला-इतिहासाच्या शिस्तीसाठी १९३२ साली स्थापन झालेली कोर्टोल्ड संस्था, आणि प्रतिमांच्या इतिहासासाठी वारबुर्ग संस्था अशी वेगवेगळ्या स्वभावाची तीन ठिकाणे एकाच शहरात आहेत. नेदरलँड्समध्ये लायडेनला भारतविद्येची जुनी परंपरा आहे. जर्मनीत हायडेलबर्गचा आंतरसांस्कृतिक अभ्यासाचा एम.ए. इंग्रजीतून शिकवला जातो आणि त्यात दृश्य व भौतिक संस्कृतीला स्वतंत्र स्थान आहे. मात्र जर्मनीतील नेहमीचे कला-इतिहासाचे अभ्यासक्रम जर्मनमधून असतात, हे विसरू नये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, बर्कली, कोलंबिया, शिकागो अशा विभागांकडे दक्षिण आशियाई कलेचे विद्यार्थी पूर्वापार जात आले आहेत.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना ते लहान असावे. आपण कोण, कोणते स्मारक पाहिले, कोणता प्रश्न पडला आणि त्यांच्या कोणत्या लेखाशी तो जोडला जातो, एवढे चार-पाच वाक्यांत आले की पुरे. शंभर जणांना पाठवलेले एकच पत्र वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत ओळखू येते.

तीन वर्षांची बी.ए. झाल्याबरोबर निघण्याची घाई असणाऱ्यांना मी थोडे थांबायला सांगेन. ब्रिटनचा एम.ए. बहुधा एकच वर्षाचा असतो आणि पाहता पाहता संपतो. पाया कच्चा असेल, तर ते महागडे वर्ष नुसते गोंधळ निस्तरण्यात जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आधी एम.ए. केले, तर वाचन पक्के होते, शिफारस करणारे जाणकार शिक्षक मिळतात आणि थेट पीएच.डी.चा अर्ज करता येतो.

पैशाचे गणित याच्याशीच जोडलेले आहे. अमेरिकेतील नामांकित विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळतात, मात्र जागा अगदी मोजक्या असतात, तेथील एम.ए. बहुतांशी स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. ब्रिटनमध्ये एम.ए.चे शुल्कच साधारण २५ ते ३० हजार पौंड आणि काही ठिकाणी त्याहून अधिक असते, राहण्याचा खर्च वेगळा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो होती. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही लागते.

शिष्यवृत्त्यांमध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या संबंधित विभागांच्या योजना आहेत. येथे दोन गोष्टींकडे फार बारकाईने लक्ष द्यावे. पहिली, या योजना जागतिक क्रमवारीची अट घालतात आणि ती क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, विषयाची नव्हे. त्यामुळे एकाच विषयाला वाहिलेली कोर्टोल्ड आणि आशियाई कलेत अग्रगण्य असूनही सर्वसाधारण क्रमवारीत बरीच खाली असणारी सोआस या दोन्ही ठिकाणी अडचण येऊ शकते, तर लायडेन किंवा हायडेलबर्ग तुलनेने सोपे जाते. म्हणून विद्यापीठांना अर्ज करण्याआधीच योजनेचा चालू वर्षाचा शासन निर्णय वाचावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ज्या वस्त्यांच्या शेजारी ही लेणी आहेत, तेथील मुलांनाच त्यांचा अभ्यास परदेशात करण्यासाठी ही वाट बंद व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते. अर्ज करणाऱ्याने चालू वर्षाच्या नियमांत हे कलम आहे का ते आधी पाहावे आणि केवळ या एका योजनेवर विसंबू नये.

याखेरीज सोआस आणि ऑक्सफर्ड येथे फेलिक्स, ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम.ए.साठी चेव्हनिंग, शिवाय इनलॅक्स आणि जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती असे मार्ग आहेत. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा संग्रहालयात किंवा शाळेत केलेल्या नोकरीची कागदपत्रे जपून ठेवावीत.

आता अर्जाची कागदपत्रे. अमेरिकेतील पीएच.डी.चे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणून लेखन-नमुना निदान त्याआधीच्या उन्हाळ्यात तयार हवा. मराठी माध्यमातून आलेल्यांना माझा सल्ला असा, की स्मारकाचे वर्णन आधी मराठीतच, तेथेच उभे राहून वहीत लिहावे आणि मग इंग्रजी लेखाला बसावे. थेट इंग्रजीतून सुरुवात केली, की डोळ्यांसमोरचे सोडून वाचलेल्या पुस्तकांची वाक्ये उतरू लागतात. उद्देशपत्रात ‘लहानपणापासून कलेची आवड’ या वाक्यात जागा घालवू नये. आपला प्रश्न, आतापर्यंत केलेले काम आणि त्याच विभागात ते पुढे का न्यायचे आहे, एवढेच लिहावे. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाचे असण्यापेक्षा ज्या शिक्षकाने आपला निबंध तपासला आहे त्याचे असावे. अनेक विद्यापीठे शिक्षकाचा संस्थेचा ईमेल पत्ता मागतात आणि आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत तो वापरात नसतो, तेव्हा सरांना किंवा मॅडमना याची कल्पना दोन महिने आधी द्यावी. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत तक्ता मिळायला लागणारा वेळही हिशोबात धरावा. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी असते, हे बाहेरच्या वाचणाऱ्याला ठाऊक नसते. श्रेणीचे कोष्टक ट्रान्सक्रिप्टसोबत जोडलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. आयईएल्टीएसला एकूण गुणांइतकेच लेखनाचे गुण पाहिले जातात.

संदर्भांसाठी मोठे ग्रंथालय जवळ नाही म्हणून अडू नये. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जुने अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात, आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या गुरुग्राम येथील केंद्राचा मंदिर-लेण्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह संगणकावर पाहता येतो. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतींपैकी आगीतून वाचलेल्या अनेक प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरचा रंग त्यानंतर कुठे कुठे झडला, हे या प्रतींशी ताडून पाहता येते. लंडनला जाणाऱ्याने त्या प्रत्यक्ष पाहण्याची विनंती संग्रहालयाकडे आधीच करावी.

प्रवेश पक्का झाल्यावर निघण्यापूर्वीचे महिने खरेदीत घालवण्यापेक्षा स्थळांवर घालवावेत, कारण तेथे गेल्यावर एखाद्या खांबाची मागची बाजू आठवेनाशी होते आणि ती पाहायला परत येण्याचे भाडे परवडत नाही. प्रत्येक स्मारकाचा साधा आराखडा हाताने काढावा, खांब-दालनांना क्रमांक द्यावेत, छायाचित्रात मापपट्टी ठेवावी आणि प्रत्येक छायाचित्राला स्थळ, दिशा, तारीख अशी नोंद त्याच संध्याकाळी करावी. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश वापरायचा नाही आणि तिपाईसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ती आधीच काढावी. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा दोन्ही ठिकाणे एका फेरीत करायची असल्यास बुधवारी निघावे.