दाताला तारा बसवल्यात? मग डॉक्टरला "जरा जास्त आवळा" म्हणू नका

माझ्या पोरीला मागच्या वर्षी तारा बसवल्या, वय चौदा, आम्ही अंबाजोगाईचे आणि दवाखाना लातूरला, म्हणजे दर महिन्याला एसटी, माझी अर्धी रजा आणि शाळेला चिठ्ठी. दुसऱ्याच फेरीला मी म्हणलं, डॉक्टर, थोडं जास्तच आवळून टाका की, एखादी चक्कर वाचंल. ते हसले, पण मग नीट समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून जो भेटंल त्याला मी हेच सांगायलेय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती साधारण ०.२ मिलीमीटर जाडीचा धाग्यांचा पदर असतो, पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतात त्याला, आणि त्या पदरात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या जातीच्या पेशी होऊ शकतात अशा मूळ पेशी, असतात हे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. तारेनं दात ढकलला की पुढच्या बाजूला हा पदर दबतो अन् मागच्या बाजूला ताणतो. दबलेल्या बाजूच्या पेशी निरोप धाडतात, मग रक्तातून आलेल्या पेशींपासून हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात आणि वाट मोकळी करतात, आणि ताणलेल्या बाजूला स्टेम सेलच्या हाड बांधणाऱ्या पेशी होतात आणि मागं राहिलेली जागा भरत येतात. हे सगळं होऊन दात सरकतो महिन्याला जेमतेम १ मिलीमीटर.

आता पेशीला ताण कळतो कसा? २००६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक भारी प्रयोग झाला. एकाच जातीच्या स्टेम सेल वेगवेगळ्या टणकपणाच्या जेलवर वाढवल्या, औषधपाणी सगळ्यांना सारखंच. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशीसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूसारख्या, आणि त्याहून टणक जेलवर हाडाकडं वळल्या. आपल्याकडं काळ्या रानात टाका नाहीतर मुरमाड रानात, सोयाबीनचं सोयाबीनच उगवतं, उतारा तेवढा कमीजास्त. इथं मात्र जमीन बघून पीकच बदलायलंय! पेशी खालच्या जमिनीला धरून ओढून बघते, ती किती दाद देते त्यावरून तिला बरंच कळतं.

पेशी अशी जोर ओळखून काम करते, म्हणून जास्त आवळू नका. जोर फार झाला की दबलेल्या बाजूचा रक्तपुरवठाच बंद पडतो, तिथल्या पेशी मरतात, दात आठवडे न् आठवडे जागचा हलत नाही, आणि मूळ झिजायची भीती वेगळीच. हलका जोर सतत पाहिजे. रबर दिले असतील तर ते पण सांगितले तेवढे तास रोज लावायचे, चार दिवस विसरून पाचव्या दिवशी दोन दोन लावले तर भरपाई होत नसते.

दुखण्याचं सांगते. आवळून आल्यावर दोन चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत उतरत जातं. पोरगं "आई दुखायलंय" म्हणून रडलं की मेडिकलवरून हाताला येईल ती गोळी आणू नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज रोज घेतल्या तर दात सरकायला जे निरोप लागतात तेच कमी होऊ शकतात, म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात, डोस मात्र त्यांनाच विचारा. त्या दिवसांत येसर आमटीत भाकरी चांगली भिजवून द्या, भगर, दहीभात, मऊ केळ. कडक भाकरीचा पापुद्रा, फुटाणे, सुपारी, ऊस बंद म्हणजे बंद. हुरड्याला आमची पोर रुसून बसली होती, मग पाट्यावर ठेचून दह्यात कालवून दिला. शेंगदाण्याची चटणी चालते, पण कूट एकदम बारीक करा आणि खाल्ल्यावर लगेच दात घासा, नाहीतर ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या बारक्या तुकड्याच्या, कडंनं अडकून बसतं.

घासणं हेच खरं जिकिरीचं काम. वायरच्या वरून, वायरच्या खालून, मग मधल्या फटीत त्या छोट्या ब्रशनं. हिरडी सुजली तर त्या पदराच्या शेजारीच आग लागली समजा, पेशींना कामाला ती जागा बरी कशी असंल? वर दातावर पांढरे डाग पडतात, ते बऱ्याचदा तारा काढल्यावरच ध्यानात येतात, तोवर उशीर झालेला असतो. पाण्याचं निमित्त सांगू नका, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पण लोकांनी दात घासलेच की, एक तांब्या पुरतो. आणि तुमच्याकडं बोअरच्या पाण्यानं दात पिवळे-तपकिरी झालेले असतील तर ते आधीच दाखवा, फ्लोरोसिसच्या दातावर ब्रॅकेट चिकटायला जरा अवघड जातं.

गालाला टोचलं तर ब्रॅकेटवर मेण लावा. वायरचं टोक बाहेर आलं तर पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं हळूच आत दाबून बघा, नाहीच बसलं तर फोन करा, पक्कड आणू नका.

अजून एक. तारेसाठी बऱ्याचदा दाढेआधीचे दात काढावे लागतात, अशा वेळी कुणी "यातल्या स्टेम सेल बँकेत ठेवा" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीत फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकिंगला परवानगी आहे, दाताच्या नाही.

पोरांच्या मनाचं कुणी विचारतच नाही. आमच्याकडं आजी म्हणाल्या, "अगं बाई, दाताला कुंपण घातलंय होय!" झालं, पोरगी महिनाभर तोंडावर हात धरून बोलायली. मी टोमणे बंद करायला लावले आणि दर महिन्याला दाताचा एक फोटो काढून ठेवायला लागले, तीन महिन्यांनी तिला स्वतःलाच फरक दिसला, तेव्हा हात खाली आला.

तारा निघाल्या की रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा. हिरडीतले धागे नव्या जागी रुळायला वर्षभर लागू शकतं, तोवर दात मागं पळायला बघतात. गरम पाण्यात धुवू नका, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकडा होतो. आणि जेवताना काढला की डबीतच ठेवा, कागदात गुंडाळून नको. माझ्या भाच्याचा माजलगावच्या एका लग्नात पत्रावळीसोबत गेला, मग मंडपामागच्या ढिगात आम्ही चौघं तासभर शोधत होतो, नाही सापडला.